सीतेला मत, अरुंधतीला रिमोट

मंडळी, मागच्या महिन्यात गाण्याच्या स्पर्धांमधल्या परीक्षकांच्या अश्रूंवर लिहिलं, तर ओळखीच्या एका बाईंनी भर रस्त्यात थांबवून मला सुनावलं, "स्वतः टीव्ही विकता आणि टीव्हीलाच नावं ठेवता?" बाई बरोबर बोलल्या. रावपुऱ्यात आमचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. बाबांनी रेडिओ दुरुस्तीपासून सुरुवात केली, मी आता टीव्ही, मिक्सर आणि गिझर विकतो. या सदरासाठी संपादकांनी मला धरलं तेही त्यामुळेच. मिठाईवाल्याला पेढ्यांचं काय वाटतं, हे विचारायला हरकत नाही, असं ते म्हणाले होते.

माझी बायको गुजराती. ती घरी गणिताच्या शिकवण्या घेते. म्हणजे 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मध्ये रत्नागिरीचे भिडे मास्तर शिकवण्या घेतात आणि कच्छी जेठालाल दुकान चालवतो, तर आमच्या घरी भिडे गुजराती आहेत आणि जेठालाल मराठी. तारक मेहतांनी १९७१ साली 'चित्रलेखा' साप्ताहिकात ते सदर सुरू केलं तेव्हा उलट्या चष्म्याचीही उलटी बाजू बडोद्यात सापडेल, असं त्यांना वाटलं नसेल.

अशा घरात रोज संध्याकाळी एकच गोष्ट दोनदा घडायची. साडेसात वाजता आई 'स्टार प्रवाह'वर 'आई कुठे काय करते' बघायची आणि रात्री दहा वाजता बायको 'स्टार प्लस'वर 'अनुपमा'. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो, या दोन्ही मालिकांचं माहेर बंगालचं. 'श्रीमयी' नावाची मूळ बंगाली मालिका २०१९ साली आली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात ती मराठीत उतरली, २०२० च्या जुलैत हिंदीत. शिवाय तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मल्याळममध्येही तिच्या आवृत्त्या निघाल्या. पंचवीस वर्षं घरासाठी राबलेली बायको, ऑफिसातल्या बाईत गुंतलेला नवरा, आईची लाज वाटणारी मुलं आणि तोंडाळ सासू. एवढ्या भांडवलावर अख्खा देश चालला. राष्ट्रीय एकात्मतेसाठी सरकारने इतकी वर्षं जाहिराती केल्या, पण काश्मीर ते कन्याकुमारी सगळ्या बायकांना एकाच वेळी हो हो, अगदी असंच, असं म्हणायला लावलं ते या गोष्टीने.

नवऱ्याचं नाव फक्त भाषेप्रमाणे बदलतं. मराठीत अनिरुद्ध देशमुख, हिंदीत वनराज शाह. तिची नावं संजना आणि काव्या. आमच्या घरात मात्र ती दोघीही 'ती मेली' या एकाच नावाने ओळखली जायची, आणि या एका बाबतीत सासू-सुनेचं पूर्ण एकमत होतं.

खरी गंमत वेळेच्या फरकात होती. मराठी मालिका सात महिने आधी सुरू झालेली. त्यामुळे सुरुवातीला आईचा भाव वधारलेला होता. बायको रात्री वनराजवर संतापली की आई आपल्या खोलीतून हाक मारायची, "अजून कुठे काय झालंय, थांब, पुढे बघ." पुढचं माहीत असलेल्या माणसाला घरात जो मान मिळतो तो तिला मिळत होता. पण 'अनुपमा'वाल्यांनी वेग धरला. २०२१ साली दोन्ही घरांत घटस्फोट झाले, आणि २०२२ च्या मे महिन्यात अनुपमाने अनुज कापडियाशी लग्न करूनही टाकलं. आमच्या अरुंधतीला आशुतोष केळकरांना होकार देऊन बोहल्यावर उभं राहायला २०२३ चा फेब्रुवारी उजाडला. सत्ता सुनेकडे गेली. आता ती सांगायची, "मम्मी, तुमची पण करणार बघा लग्न." आई म्हणायची, "आमच्याकडे असं पटकन नाही करत. विचार करतात." नऊ महिने विचार केला आणि शेवटी तेच केलं. मराठी माणूस आणि त्याचा विचार यांवर याहून नेमकं भाष्य मी कुठे वाचलेलं नाही.

आणखी एक फरक मला फार आवडला. घराने चिरडलेल्या बाईच्या हातात पुन्हा काहीतरी द्यायचं, तर मराठीवाल्यांनी अरुंधतीला गाणं दिलं आणि अहमदाबादच्या अनुपमाला नाच. बरोबरच आहे. गुजराती बाईला दुःख झालं तरी तिचे पाय ताल सोडत नाहीत. नवरात्रात नऊ रात्री गोल फिरून सगळं झटकून टाकायची सोय तिच्याकडे आहे. मराठी बाई मात्र दुःख झालं की भिंतीकडे तोंड करून गुणगुणते, आणि कोणी आलं की थांबते. अनुपमा पाच-पाच मिनिटं बोलते, समोरचे दहा जण पुतळ्यासारखे उभे राहून ऐकतात. अरुंधती एक वाक्य बोलते आणि चहा ठेवायला जाते. बायकोचं म्हणणं, तुमची बोलतच नाही. आईचं म्हणणं, तुझी थांबतच नाही. मी दोघींच्या मधे बसून दोन्ही मालिका पाहिल्या आहेत, त्यामुळे दोघींचं पटतं.

पण कधी कधी वाटायचं, या दोन्ही घरांत आम्ही कुठे आहोत? हिंदी मालिकेतले गुजराती म्हणजे ठेपले, ढोकळे आणि दर वाक्याला जयश्री कृष्ण. हिंदीतली मराठी बाई म्हणजे नाकात नथ, तोंडात 'अगं बाई', आणि बहुतेक वेळा हातात झाडू. मराठी मालिकेतलं मराठी घर म्हणजे मुंबई नाहीतर पुणे, फार तर कोल्हापूर. दोनशेहून जास्त वर्षं साबरमतीच्या खाली राहून शेव-उसळ नावाची दोन भाषांची पोटजात तयार करणारे आम्ही बडोदेकर कुठल्याच चॅनेलवर नाही. आई मागे पुण्याला भाचीकडे गेली होती. मंडईत भाजीवाल्याला म्हणाली, "भाऊ, झबल्यात घालून द्या ना." तो बिचारा तिच्याकडे बघतच राहिला, आणि भाची हसून हसून बेजार. गुजरातेत प्लॅस्टिकच्या पिशवीला झबलं म्हणतात हे त्यांना काय माहीत. त्यांच्या मते आई कांदे-बटाटे तान्ह्या बाळाच्या अंगरख्यात घालून मागत होती. आईला वाईट वाटलं. परत आल्यावर म्हणाली, "इतकी वर्षं मराठी बोलते, आणि तिथे मी गुजराती ठरले." मग साडेसातला टीव्ही लावून बसली, कारण अरुंधतीचं मराठी तिला कळत होतं आणि अरुंधती तिला हसत नव्हती.

मालिकेच्या नावावरून मी आईला अनेकदा चिडवलं आहे. मुलांना घरी कोणी विचारलं, आई काय करते, तर मुलं म्हणतात, आई कुठे काय करते! म्हणजे काहीच करत नाही, घरीच असते. मी जेवता जेवता विचारायचो, "काय आई, कुठे काय केलंस आज?" ती म्हणायची, "तुझ्या ताटात आहे ते." विनोद तिथे संपायचा आणि मी दुसरी भाकरी मागायचो.

इथे थोडं मागे जाऊ.

१९८७ च्या जानेवारीत 'रामायण' सुरू झालं तेव्हा आम्ही दांडिया बाजारातल्या वाड्यात राहत होतो. बाबांचा धंदाच तो असल्याने वाड्यातला पहिला रंगीत टीव्ही आमच्याकडे. रविवारी सकाळी साडेनऊला आमच्या बाहेरच्या खोलीत वीस-बावीस माणसं असायची. आजी पहाटे न्हाऊन, सोवळ्याचं लुगडं नेसून, टीव्हीला हार घालून बसायची. टीव्हीच्या वरच्या भिंतीवर सयाजीराव महाराजांचा फोटो होता, आमच्यासारख्या बहुतेक घरांत असायचा तसा. त्यामुळे आजीचा नमस्कार एकाच वेळी रामाला आणि महाराजांना पोचायचा. सीता झालेल्या दीपिका चिखलिया पडद्यावर आल्या की आजीचे हात आपोआप जोडले जायचे. पुढे लव-कुशाची गोष्ट आली, सीतेला पुन्हा वनात पाठवलं, त्या रविवारी आजी जेवली नाही.

आणि मग आली १९९१ ची निवडणूक. ज्यांचा जन्म नंतरचा आहे त्यांना हे खोटं वाटेल, म्हणून मुद्दाम सांगतो. त्या वर्षी भारतीय जनता पक्षाने बडोद्यातून लोकसभेसाठी सीतेलाच उभं केलं. म्हणजे दीपिका चिखलियांना. साबरकांठ्यातून रावण झालेले अरविंद त्रिवेदी उभे होते, त्याच पक्षाकडून. आणि आमच्या सीतेसमोर काँग्रेसचे उमेदवार होते खुद्द रणजितसिंह गायकवाड, ऐंशीच्या दशकात इथूनच खासदार राहिलेले, चित्रकार, आणि मुख्य म्हणजे टीव्हीच्या वरच्या फोटोतल्या महाराजांचे वंशज.

तुम्ही कल्पना करा, दांडिया बाजारातल्या मराठी माणसाची काय अवस्था झाली असेल. एका बाजूला ज्यांचं मीठ पणजोबांपासून खाल्लं ते घराणं आणि दुसऱ्या बाजूला रामाची बायको. वाड्यात दोन तट पडले. पेन्शनर मंडळी राजांच्या बाजूने, बायका सीतेच्या. बाबा म्हणायचे, "अहो, ती नटी आहे. उमरगावला सेट लावून शूटिंग करतात." आजी म्हणायची, "तू रेडिओ दुरुस्त कर."

माझं ते पहिलं मत. मी कोणाला दिलं ते सांगत नाही, पण आजीचं कळलं. मतदानाहून आल्यावर ती सरळ फोटोपुढे उभी राहिली आणि दोन्ही कान पकडून म्हणाली, "महाराज, माफ करा. पण त्या पोरीला घरच्यांनी बाहेर काढलं होतं. आपण तरी आत घ्यायला नको का?" सीता निवडून आली. साबरकांठ्यातून रावणही निवडून आला. दोघं दिल्लीला एकाच बाजूच्या बाकांवर जाऊन बसले. वाल्मीकींना हे सुचलं नसतं.

हा किस्सा मी आजवर पन्नास वेळा सांगितला असेल. लग्नात, सहलीत, दुकानात. लोक हसतात, मलाही मजा येते. टीव्हीतलं खरं मानणारी भोळी आजी म्हणून सांगतो. पण २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि 'रामायण' पुन्हा दाखवायला लागले, तेव्हा एक गोष्ट झाली. पहिल्या की दुसऱ्या दिवशी आई येऊन सोफ्यावर बसली. सीता आली. आई पुढे वाकून नीट बघायला लागली आणि म्हणाली, "अशी चालते होय ती!"

मी म्हटलं, "अगं, दीड वर्ष बघितलंय आपण."

"तुम्ही बघितलंत. मला नुसता आवाज माहीत आहे. फोटो पाहिले होते मी, पोस्टरवर. हलताना नव्हती पाहिली."

बावीस माणसांचा चहा, मंडळी. आणि 'रामायण' संपल्यावर कोणी उठायचं नाही म्हणून पोहे. दर रविवारी. मला आठवत होती ती आजी, तो हार, ती गर्दी, बाबांचा अँटेना फिरवतानाचा आवाज. आई त्या आठवणीत कुठे होती, हे मला कधी शोधावंसंही वाटलं नव्हतं. पन्नास वेळा किस्सा सांगितला, त्यात आई नाही. मी तिला विचारलं, "१९९१ ला तू कोणाला मत दिलंस?" ती म्हणाली, "मला कोणी विचारलंच नाही तेव्हा. आता कशाला?"

आई लग्नाआधी दोन वर्षं गाणं शिकली होती. सूरसागरच्या समोर, आपल्या म्युझिक कॉलेजात. सयाजीराव महाराजांच्या काळात मौलाबक्षांनी १८८६ साली जी गायनशाळा काढली, तिचंच ते पुढचं रूप. तिसऱ्या वर्षी लग्न झालं. कोणी मना केलं नाही, हे मी मुद्दाम सांगतो. आजी गाण्याच्या विरुद्ध नव्हती. बाबा तर रेडिओवाले, त्यांना गाणं फार आवडायचं, रेडिओतलं. फक्त संध्याकाळी सात ते आठ ही वेळ नेमकी स्वयंपाकाची होती, आणि ती नंतर कधी बदललीच नाही.

मला मालिकेचं जे पटत नाही ते हेच. पडद्यावर बाईचं गाणं थांबायला एक संजना लागते. तीनदा चेहरा जवळून दाखवावा लागतो, ढगांचा गडगडाट लागतो, नवरा खलनायक असावा लागतो. आमच्या बाबांच्या आयुष्यात कोणी संजना नव्हती. दुकान, घर आणि रविवारी संध्याकाळी कमाटी बागेत एक चक्कर, एवढाच त्यांचा पसारा. चांगला माणूस. तरीही गाणं थांबलं. पोह्यांनी थांबलं. पण पोह्यांनी गाणं थांबतं असं दाखवलं तर पाच वर्षं मालिका कशी चालणार? आणि शिवाय मग आपण रडून झाल्यावर हुश्श करून झोपायला जातो ते जमणार नाही. अनिरुद्धला शिव्या घालता येतात, कारण आपण अनिरुद्ध नसतो.

आईच्या कपाटात हिराबाई बडोदेकरांचा एक फोटो आहे, कुठल्या तरी मासिकातून कापलेला. हिराबाईंच्या आई ताराबाई माने मूळच्या आपल्या बडोद्याच्या, इथल्या दरबारातल्या सरदार घराण्यातल्या. अब्दुल करीम खाँसाहेबांबरोबर त्या घर सोडून गेल्या आणि पुढे पाच मुलांना घेऊन खाँसाहेबांनाही सोडून निघाल्या. त्या मुलांमधूनच सुरेशबाबू माने, हिराबाई आणि सरस्वती राणे झाल्या. हिराबाईंनी तर तिकीट लावून जाहीर मैफली केल्या, बाईने असं करायची रीत नव्हती तेव्हा. आई म्हणते, "ताराबाई निघाल्या तेव्हा मागे काही संगीत वाजत नव्हतं. पुढच्या भागात काय, तेही माहीत नव्हतं." मला विचाराल तर बडोद्यावर कोणाला मालिका काढायचीच असेल तर ही काढा. पण त्यात सासू बिचारी काय करणार, असा प्रश्न चॅनेलवाल्यांना पडेल.

आता मुद्द्यावर येतो. २०२४ च्या मार्चमध्ये वाहिनीने 'आई कुठे काय करते'ची वेळ बदलली. साडेसातवरून दुपारी अडीच. मी धंद्यातला माणूस, मला लगेच कळलं, ही निवृत्तीची तयारी आहे. म्हाताऱ्या मालिकेला दुपारी पाठवतात, जसं म्हाताऱ्या माणसाला आतल्या खोलीत. आई वैतागेल असं वाटलं होतं. ती दोन दिवस गप्प होती. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "आता माझी संध्याकाळ मोकळी आहे. रावपुऱ्यात एक बाई गाणं शिकवतात. सात ते आठ, आठवड्यातून दोनदा. मी जाऊ म्हणते."

वय वर्षं सत्त्याहत्तर.

आणि मंडळी, मी काय बोललो ते जसंच्या तसं लिहितो, कारण त्याशिवाय हे लिहिण्यात अर्थ नाही. आधी म्हणालो, "या वयात?" मग म्हणालो, "तुझे गुडघे बघ." मग, "कारेलीबागेतून रावपुऱ्यात संध्याकाळी रिक्षाने म्हणजे काय ट्रॅफिक असतो माहिती आहे? रस्त्यात गाई बसलेल्या असतात." मग, "घरीच यूट्यूबवर शीक ना, मी मोठा टीव्ही लावून देतो." मोठा टीव्ही! अगदी माझ्या तोंडी शोभेल असं उत्तर. या सगळ्यात एक गोष्ट मी बोललो नाही, ती अशी, की मी दुकान बंद करून सव्वाआठला घरी येतो, बायकोच्या शिकवण्या आठपर्यंत असतात, आणि गरम भाकरी आई करते.

आई काही बोलली नाही. एक वाक्य बोलून चहा ठेवायला जाणाऱ्यांतली ती. उठून ताटं गोळा करायला लागली.

बायको आतून वह्या तपासता तपासता बाहेर आली. तिने मला आधी गुजरातीत हाक मारली, "सांभळो छो?" आमच्याकडे ही हाक गुजरातीत आली की समजायचं, पुढचं मराठीत येईल ते गोड नसेल. म्हणाली, "चार वर्षं रोज रात्री त्या वनराजला शिव्या देता. आत्ता जे बोललात ना, ते सगळं त्याने बोलून झालंय. गुडघे सोडून." आणि आईकडे वळून, "तमे जाव ने, मम्मी. भाकरी हे करतील."

मी भाकरी केली असती तर इथे लिहिलं असतं. पहिल्या दिवशी ब्रेड आणला. दुसऱ्या वेळी खिचडी लावली, ती खाली लागली. आता बायकोने शिकवणीची वेळ अर्धा तास मागे घेतली आहे आणि मी भाजी चिरतो. भाकरी मला फावत नाही. पुण्याच्या वाचकांनी हा शब्द जमत नाही असा वाचावा.

आईच्या वर्गात बाकीच्या मुली बारा-तेरा वर्षांच्या आहेत. त्यांनी तिला मोबाइलवर तानपुरा लावायला शिकवलं, हिने त्यांना भाकरवडी नेऊन दिली, बडोद्याची, पुण्याची नव्हे. मुली तिला आधी आजी म्हणायच्या, आता बेन म्हणतात, कारण वर्गात आजी म्हटलं की तिला आवडत नाही. पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, काय येतं? ही म्हणाली, यमन झाला होता, भूप अर्धा राहिला. सत्तावन्न वर्षं राहिला, हे तिने सांगितलं नाही. आवाज गेला आहे, हे ती स्वतःच सांगते. वरचा सा लागत नाही, मधेच खोकला येतो. घरी रियाझ करते तेव्हा खालच्या मजल्यावरचे कुत्रं ओरडतं, त्यावर नातवाने फार वाईट विनोद केला, तो मी इथे देत नाही. आई हसली त्याला.

अरुंधतीची मालिका २०२४ च्या नोव्हेंबर अखेरीस संपली. शेवटचा भाग शनिवारी होता. मी मुद्दाम दुकानातून लवकर आलो, म्हटलं, आई पाच वर्षं बघत होती, आज एकटी नको. घरी आलो तर टीव्ही बंद. आई खोलीत मोबाइलवर तानपुरा लावून बसली होती. म्हटलं, "अगं, शेवटचा भाग आहे." म्हणाली, "हो का? संपली का ती? बरं झालं बाई, तिलाही सुट्टी." आणि मला दार लोटून घ्यायला सांगितलं.

'अनुपमा' अजून चालू आहे. बायको बघते, मीही बघतो. मात्र वनराजवर बोलायची आमच्या घरात आता मला परवानगी नाही.

मंगळवारी आणि शुक्रवारी मी आठला दुकानाचं शटर ओढतो आणि आईला घ्यायला जातो. वर्ग पहिल्या मजल्यावर आहे, जिना अरुंद, म्हणून मी खाली स्कूटरवर थांबतो. शेजारच्या पानाच्या गल्ल्यावर छोटा टीव्ही लावलेला असतो, त्यावर क्रिकेट नाहीतर बातम्या. वरून मुलींचे सात-आठ आवाज एकदम येतात आणि त्यांच्या थोडा मागे, अर्धी मात्रा उशिरा, एक जाडसर आवाज. पानवाल्याने एकदा विचारलं, "उपर कौन बूढ़ी गाती है?" मी त्याला टीव्हीचा आवाज जरा कमी करायला सांगितलं.